लाटण्यावरची लोकर

आजीच्या विणायच्या सुयांवर जाडीचे नंबर राहिले नव्हते. एके काळी असणार, पण चाळीसेक वर्षं बोटांखाली घासून ते पार पुसले गेले. तिच्यामागे ती जुडी आईकडे आली आणि आईचे डोळे अधू झाल्यावर माझ्याकडे. काही पोलादी, काही ॲल्युमिनियमच्या, दोन प्लास्टिकच्या, पिवळट पडलेल्या. गेल्या दिवाळीच्या तोंडावर भाचीच्या बाळासाठी स्वेटर विणायला बसले. बॉर्डर १२ नंबरवर आणि अंग १० नंबरवर, हे आपल्याकडच्या विणणाऱ्या बायकांचं पाठ असलेलं गणित. पण जुडीतली १० कुठली आणि ११ कुठली, ते काही केल्या कळेना. दोन्हींत फरक पाव मिलीमीटरचा. तेवढ्यानं काय होतंय, असं विणकाम न करणाऱ्याला वाटेल. पण ऐंशी-नव्वद टाक्यांच्या रुंदीत त्याचा बोटभर फरक होतो. पुढचा भाग एका सुईवर आणि पाठ दुसऱ्या सुईवर झाली की शिवताना स्वेटर एकीकडे ओढला जातो, आणि मग कितीही इस्त्री करा, ती ओढ जात नाही.

मी पर्स उचलून दुकानात निघाले तर आई आतून म्हणाली, "अगं, सोऱ्या काढ ना. आजी त्यातच मापायची."

सोऱ्या ओट्यावरच होता, भाजणी मळून झाली होती. पितळी सोऱ्या, आजीच्याच वेळचा. त्याच्या चकत्या आम्ही ताटात मांडल्या. चकलीची चांदणी बाजूला ठेवली, बाकी सगळ्या गोल भोकांच्या. बारीक शेव, मधली शेव, जाड शेव, गाठी. आईनं एक एक सुई घेऊन भोकात घालायला सुरुवात केली. तिला नीट दिसत नाही, पण बोटांना कळत होतं. सुई भोकात सैल डुलली की ती बाजूला ठेवायची, अडली की दुसऱ्या बाजूला. एका सुईला ती थांबली, आतबाहेर केली, जरा फिरवली आणि म्हणाली, "ही दहा. मधल्या शेवेत दहा बसते."

मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी १० नंबरची एक नवी जोडी आणलीच. मधल्या शेवेच्या भोकात ती जराही न हलता बसली. नव्या जोडीची मला गरज नव्हती, पण त्या सोऱ्यावर शिक्का बसला. तुमच्या सोऱ्याची भोकं वेगळी असतील, तेव्हा आधी एका नंबर असलेल्या सुईनं ती तपासून घ्या. एकदा जुळवलं की माप कायमचं घरात आलं. इंग्लंडमध्ये पूर्वी याच कामासाठी घंटेच्या आकाराची, भोकं पाडलेली धातूची पट्टी मिळायची. जुन्या वस्तू जमवणारे लोक ती आज हौसेनं शोधतात. आजीनं तशी पट्टी बघितली असण्याची शक्यता नाही. भोकातून सुई घातली की जाडी कळते, एवढं तिला कळलं होतं आणि भोकं तिच्याकडे होती.

हा नंबरांचा उलटा कारभार मला लहानपणी फार छळायचा. नंबर मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबरची ४ मिलीमीटर, १० ची सव्वातीन, १२ ची पावणेतीन, १४ ची दोन. याचं मूळ तारेच्या कारखान्यात आहे. तार एकाहून एक लहान भोकांतून ओढत बारीक करतात. आपला सोनार भोकांच्या पट्टीतून सोन्याची तार ओढतो, तसंच. जितक्यांदा ओढाल तितका नंबर चढतो आणि तार उतरते. ब्रिटनमध्ये १८८४ साली या नंबरांना कायद्यानं एक ठरीव माप मिळालं. तेच गेज आपल्याकडे वायरीला लागलं, पत्र्याला लागलं. विणायच्या सुया म्हणजे शेवटी तारेचे तुकडेच, त्यांचे नंबरही थोड्याफार फरकानं तेच. ब्रिटनमधल्या सुया पुढे मिलीमीटरवर गेल्या, आपल्या दुकानात मात्र अजून "दहा नंबर द्या" असंच मागायचं.

हे वाचलं तेव्हा जुडीतल्या चार आखूड सुयांचं कोडं मला सुटलं. दोन्हीकडे टोक असलेल्या, दुकानातल्या सुयांसारख्या बिलकुल न दिसणाऱ्या. आईला विचारलं तर म्हणाली, "त्या होय? त्या आजोबांच्या सायकलच्या. स्पोक आहेत ते." १४ गेजचा स्पोक म्हणजे २ मिलीमीटर आणि १४ नंबरची सुई म्हणजेही २ मिलीमीटर. मोजे विणायला हीच सुई लागते, चार किंवा पाच, गोल फिरत विणायला. आजीला ना गेज माहीत होतं ना १८८४. तिनं स्पोक बोटांत धरून बघितला असेल आणि तिला तो मोज्याच्या सुईसारखा वाटला असेल. वाटला तो अगदी बरोबर वाटला!

असे स्पोक आपणही करून बघावेत म्हणून मी जवळच्या सायकलवाल्याकडे गेले. "काका, जुने सरळ स्पोक आहेत का चौदा गेजचे?"

"कुठली सायकल आहे ताई?"

"सायकल नाही. मोजे विणायचेत."

त्यांनी दोन क्षण माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता डब्यातून मूठभर स्पोक काढले. मग एकेक स्पोक काउंटरच्या काचेवर ठेवून बोटानं लोटला. जो सरळ होता तो गुळगुळीत घरंगळत गेला, ज्याला बाक होता तो उड्या मारत गेला. पाच निवडून दिले. एकीकडचं वाकडं डोकं आणि दुसरीकडचे आटे पकडीनं छाटले, कानशीनं टोकं गोल केली. आटे राहू द्यायचे नाहीत, लोकर त्यांत चरते. घरी आल्यावर मी बारीक पॉलिश पेपरनं तासभर घासत बसले. टोक अणकुचीदार नको, गोलसर हवं, नाहीतर ते धाग्याच्या पोटात घुसतं आणि पीळ फोडतं. आई सांगते की आजी नवीन सुया न्हाणीतल्या दगडावर घासायची आणि मग दोन दिवस अंबाड्यात खोचून हिंडायची. डोक्याच्या तेलानं त्यांना जो सरकता हात यायचा तो कुठल्या पेपरनं येत नाही.

आजी निफाडची. द्राक्षांच्या गावाला थंडी किती पडते ते नाशिककडच्या माणसाला सांगायला नको. दिवाळी संपली की तिचं विणकाम सुरू व्हायचं आणि संक्रांतीपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या अंगावर काही ना काही यायचं. लोकर लडीनं यायची. लडीचा गुंडा करायचा म्हणजे कुणीतरी दोन्ही हात पुढे करून लडी धरून बसायला हवं, आणि आम्हा पोरांचे हात पाच मिनिटांत खाली यायचे. म्हणून ती चौरंग उलटा करायची. पूजेचा नव्हे, न्हाणीतला. चार पाय वर, त्यांच्याभोवती लडी ताणून बसवायची. परदेशी दुकानांत यासाठी छत्रीसारखा उघडणारा फिरता सांगाडा मिळतो. आमचा चौरंग फिरत नव्हता, मी फिरायची. एका पायावरून धागा सोडवायचा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आजी भिंतीला टेकून गुंडाळत असायची आणि मी चौरंगाभोवती प्रदक्षिणा घालत असायची. पायांत लाकडाची कूस असेल तिथे धागा अडकायचा, तो ओढायचा नाही, हलकेच मागे घेऊन सोडवायचा. माझी सगळ्यात जुनी आठवण बहुधा तीच आहे: ओल्या लाकडाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा मिसळलेला वास, आणि "ओढू नको गं बाळ, ती येते आपली आपण."

आजी गुंडाळायची ती लाटण्यावर. हे जरा सविस्तर सांगते, कारण मला माहीत असलेल्या सगळ्या घरगुती युक्त्यांत ही सगळ्यात सुंदर आहे आणि माझ्या ओळखीत आता फार थोड्या जणी ती करतात.

लाटणं हवं मधे फुगीर आणि टोकांकडे निमुळतं, आपलं पोळ्यांचं असतं तसं. धुऊन, कोरडं करून, एकदा सुक्या फडक्यानं पुसून. धाग्याचं पहिलं टोक वीतभर सोडायचं आणि डाव्या अंगठ्याखाली लाटण्याशी दाबून धरायचं. उजवीकडच्या निमुळत्या भागावर आधी वीस-पंचवीस सरळ वेढे द्यायचे, शेजारी शेजारी. मग तिरपे वेढे सुरू करायचे, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात, आणि दर वेढ्याला डाव्या हातानं लाटणं किंचित फिरवत राहायचं. ते फिरवणं हीच खरी कला. थोडं जास्त फिरलं तर वेढे विरळ पडतात, कमी फिरलं तर एकावर एक चढतात. नीट जमलं की पाच मिनिटांनी वेढ्यांची एक जाळी दिसायला लागते, बत्ताशासारखी, कडेनं तिरपी तिरपी नक्षी. सगळा धागा संपला की शेवटचं टोक वेढ्यांखाली खोचायचं आणि गुंडा निमुळत्या टोकाकडून अलगद ओढून काढायचा. फुगवट्याकडून काढायला गेलात तर आतली वीण विस्कटते. आता अंगठ्याखालचं ते पहिलं टोक गुंड्याच्या पोटातून बाहेर आलेलं असतं. विणताना तेच ओढायचं. धागा आतून येतो, त्यामुळे गुंडा जागचा हलत नाही, पलंगाखाली जात नाही, मांजराच्या तावडीत सापडत नाही.

आणखी एक गुण असा की लाटणं काढून घेतलं की गुंड्याच्या पोटात जागा होते आणि लोकर सैलावते. हाताभोवती करकचून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच राहते. ताणलेल्या लोकरीचा स्वेटर विणताना बरोबर मापाचा वाटतो आणि पहिल्या धुण्यात आखडतो.

नॉर्वे-स्वीडनकडे अगदी याच कामाची, अशीच निमुळती लाकडी काठी असते. तिच्यावर कोरीवकाम करत, प्रेमात पडलेली मुलं ती मुलींना भेट देत असत म्हणे. मी तसली एक काठी एका ओळखीच्या मुलीकडे हातात घेऊन बघितली. तिची मूठ जास्त छान आहे, टोकाला खाच आहे, धागा अडकवायला सोय आहे. काम मात्र लाटण्यासारखंच करते.

या सगळ्याचा विचार करताना माझ्या मनात येतं ते एवढंच, की आजीच्या विणकामाला घरात स्वतःचं असं काहीही नव्हतं. सुयांची ती जुडी सोडली तर सगळं उसनं होतं. लाटणं पोळ्यांकडून उसनं, चौरंग न्हाणीकडून, सोऱ्या फराळाकडून. संध्याकाळी ते ज्याचं त्याला परत जायचं. आजोबा शेतावरून येऊन आंघोळीला जायच्या आत चौरंग जागेवर हवा, म्हणून लडी कितीही मोठी असो, ती तेवढ्या वेळात संपवायची. तिचा वेळही तसाच होता, दुपारची झाकपाक झाल्यापासून चहाच्या आधणापर्यंतचा. लग्नात रुखवतात क्रोशाचे रुमाल मांडतात, तोरणं मांडतात, लोकरीची बाहुली मांडतात. सुया मांडलेल्या मी एकाही रुखवतात बघितल्या नाहीत. केलेलं सगळ्यांना दिसायचं. ते कशानं आणि कधी केलं, याची चौकशी कुणी करत नव्हतं. मला याचं वाईट वाटतं. तिच्या युक्त्यांचा मला अभिमान आहे, पण तिला हवी ती सुई हवी तेव्हा मिळाली असती तर मला जास्त आवडलं असतं. म्हणून जुगाडाचं कौतुक करणारी मी चांगल्या सुयांवर पैसे खर्च करायला कधी मागेपुढे बघत नाही.

आणि प्रत्येक जुगाड चांगला असतो असंही नाही. पेन्सिलीवर जाड लोकर विणता येते हे खरं, साधी पेन्सिल जवळजवळ ७ मिलीमीटरची म्हणजे २ नंबरच्या सुईएवढी भरते; पण शिसं लोकरीला लागलं की पांढरा मफलर करडा होतो, तेव्हा टोक न केलेल्या पेन्सिलीच घ्याव्यात आणि त्यांची टोकं घासून गोल करावीत. छत्रीच्या काडीचा नाद सोडा. तिला मधून पन्हळ असते, धागा तिच्यात बसतो. खराट्याचे हीर लहान मुलांना शिकवायला उत्तम, तुटले तरी दुःख नाही. मी पहिले सुलट-उलट टाके हिरांवरच घातले. मोठ्या कामाचं वजन त्यांना पेलत नाही. आइस्क्रीमच्या काड्या कितीही घासा, त्यांची कूस निघतेच.

खुणेसाठी टाक्यांत अडकवायला सेफ्टी पिन सगळेच वापरतात. तिच्या गोल वळलेल्या बुडात लोकर अडकते, हे एकदा नाजूक जाळीचं काम फाटल्यावर कळलं. नव्या कपड्यांच्या लेबलाला दुधी भोपळ्याच्या आकाराची, वळी नसलेली पिन येते, ती टाकू नका. माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अशा शंभरेक साठल्या आहेत. वेणीची वीण घालताना तीन-चार टाके पुढेमागे धरून ठेवावे लागतात, त्याला अंबाड्याचा आकडा. लोकरीतली वेणी आणि डोक्यावरची वेणी एकाच आकड्यानं होते, याची आजीला फार गंमत वाटायची. सुयांवरून टाके निसटू नयेत म्हणून तिच्या सुयांच्या टोकांना इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं असायची. गावातल्या कंपाउंडरकडून मागून आणलेली, उकळून घेतलेली. ओळी मोजायला दोन वाट्या आणि चिंचोके. एक ओळ झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मधेच कुणी हाक मारली, पाहुणा आला, दूध उतू गेलं, तरी हिशेब वाटीत शाबूत.

टोपड्याच्या नाड्या विणायच्या त्या शिवणाच्या लाकडी रिळावर. रिकाम्या रिळाच्या भोकाभोवती चार चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या, धागा भोकातून खाली सोडून चुकांभोवती गुंडाळायचा आणि खालचा वेढा वरच्या धाग्यावरून उचलून टाकत राहायचं. खाली भोकातून गोल नाडी उतरत येते, शेपटासारखी. हे काम आम्हा मुलांचं. आता रिळं प्लास्टिकची झाली, त्यांत चूक ठोकता येत नाही.

आजीचा एक जुना स्वेटर मी तीन वर्षांपूर्वी उसवला. कोपरांत विरला होता, बाकी लोकर धडधाकट होती. काढताना बटणं फार जड लागली. एकावरची लोकर कातरीनं सोडवली तर आतून भोकाचा पैसा निघाला. १९४३ ते १९४७ या काळात निघालेला तो कड्यासारखा पैसा, मधे मोठं गोल भोक. चलनातून गेल्यावर त्याचं करायचं काय, तर आजीनं त्याच्या कडेभोवती क्रोशानं घट्ट मुके खांब, म्हणजे आखूड टाके, घातले, मधलं भोक धाग्यांची जाळी घालून भरलं आणि त्याचं बटण केलं. सहा बटणं, सहा पैसे. एकावर १९४४ स्पष्ट वाचता येतं. लोकरीच्या आत राहिल्यामुळे पैसे इतके लखलखीत होते की मी ते तळहातावर घेऊन कितीतरी वेळ नुसती बसून राहिले.

उसवलेल्या लोकरीला नागमोडी वळणं पडलेली असतात, तशीच विणली तर काम खडबडीत दिसतं. म्हणून ती पुन्हा उलट्या स्टुलाच्या पायांवर लडी करून, चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैल बांधून, रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवली. नंतर लडी टांगून खाली छोटा तांब्या अडकवला, फार जड नको. तरी राहिलेल्या वळणांना मोदकपात्राची वाफ दिली. चाळणीवर लडी पसरून दोन मिनिटं, मधे एकदा उलटून. डोळ्यांदेखत धागा अंग सोडतो.

पण हे फक्त खऱ्या लोकरीला. आज दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, आणि त्याला जोराची वाफ दिली तर ते कायमचं लुळं पडतं, पुन्हा जीव धरत नाही. शंका असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडी लावून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चिमटीत चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मी एकदा न तपासता एक आख्खी लडी वाफेवर धरली होती. ती अजून कपाटात आहे, ओल्या शेवयांसारखी.

भाचीच्या बाळाचा स्वेटर त्याच उसवलेल्या लोकरीचा केला. गडद मरून रंग, आजीचा आवडता. किटलीत गुंडा ठेवायचा, धागा तोटीतून बाहेर काढायचा आणि झाकण लावून टाकायचं. धूळ नाही, गुंता नाही, किटली शेजारी घेऊन कुठेही बसता येतं. स्वेटर संपत आला तसा बटणांचा विचार करायला लागले. सहा पैशांतले चार नव्यानं गुंफून लावले. बाळाच्या स्वेटरला बटण जड होईल का, अशी आईला शंका होती. हातात घेऊन तिनं वजन बघितलं, अंगठ्यानं कडेचे खांब चाचपले आणि म्हणाली, "चालेल. पण दोन्हीकडून टाका मार, पोरं तोंडात घालतात."

उरलेल्या लोकरीत मोजे होतील म्हणून शेवटची लडी कालच लाटण्यावर घेतली. वेढे छान पडत होते, जाळी दिसायला लागली होती. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं का गं? कणीक भिजून तासभर झाला, लाटणं लागेल मला."

"दोन मिनिटं," मी म्हटलं आणि तिरपे वेढे जरा भराभर टाकायला लागले.